रागावण्याची शिकवणी

आमच्या धाकट्या भाऊजींना न्यायला उद्या साक्षात यमराज दारात उभा राहिला, तर ते आधी त्याच्या रेड्याच्या तुकतुकीत अंगाचं कौतुक करतील, मग एवढ्या लांबून वेळेवर आल्याबद्दल खुद्द यमराजाला शाबासकी देतील, आणि बिचारा यमराज ओशाळून रिकाम्या हाताने परत जाईल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माणसानं चांगलं बोलावं हे मलाही मान्य आहे. पण किती? त्याला काही धरबंध? लग्न होऊन मी नाशिक रोडच्या या घरात आले तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून भाकरी करपून तिचा कोळसा झाला. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, आमच्या ह्यांनी छताकडे पाहिलं, आणि भाऊजींनी तो कोळसा मोडून तोंडात टाकत म्हटलं, "वहिनी, करपलीय खरी, पण सगळीकडून सारखी करपलीय. हे सोपं नाही." मला वाटलं, हा मुलगा माझी टर उडवतोय. दोन दिवस मी फुगून बसले. पुढे कळलं की तो मनापासून बोलला होता, आणि ते तर जास्तच भयंकर होतं.

त्यात गंमत अशी की भाऊजींचं पोट भरतं ते चुका काढण्यावर. नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात आहेत. मशिनवरून निघालेले लोखंडी सुटे भाग त्यांच्या टेबलावर येतात, भाऊजी त्यांना मापाचं गेज लावतात, एक डोळा बारीक करतात, आणि केसभर फरक दिसला की तुकड्याला लाल रंग फासून बाजूच्या डब्यात टाकतात. त्या डब्यात गेलेला तुकडा कुणाच्या वशिल्यानं बाहेर आलाय असं आजवर घडलेलं नाही. कारखान्यात म्हणे सगळे त्यांना टरकून असतात; ते येताना दिसले की माणसं बोलता बोलता गप्प होतात. हे त्यांच्याच एका सहकाऱ्यानं आमच्या घरी चहा पिताना सांगितलं, तेव्हा मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं की अहो, तुम्ही नक्की याच माणसाबद्दल बोलताय ना. मग एकदा मी भाऊजींनाच धरलं. म्हटलं, तिकडे वाघ आणि इकडे गोगलगाय, हा काय प्रकार आहे? तर म्हणाले, "दिवसभर लोखंडाच्या चुका काढतो, वहिनी. संध्याकाळी पुन्हा माणसांच्या कशाला काढू?" यावर मला उत्तर सुचलं नाही. आणि मला उत्तर न सुचणं ही आमच्या घरात बातमी असते.

या स्वभावापायी त्यांचं लग्न राहिलं ते राहिलंच. एकदा सिन्नरला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले. भाऊजींनी पोह्यांचं, कपबश्यांचं, अंगणातल्या पेरूच्या झाडाचं यथासांग कौतुक केलं. इथवर ठीक होतं. मग मुलीच्या वडिलांनी बोलता बोलता सांगितलं की कालच अंबडचा एक मुलगा बघून गेला. नाव ऐकलं मात्र, भाऊजींचा चेहरा उजळला. तो त्यांच्याच खात्यातला निघाला. मग भाऊजींनी त्या मुलाची सचोटी, त्याचं अक्षर, आईला दवाखान्यात नेताना तो रजा कशी टाकतो, हे सगळं इतकं रंगवून सांगितलं की मुलीची आई पदरानं डोळे टिपायला लागली. मी खालून भाऊजींच्या पायावर पाय देत होते, तर हे पाय मागे घेऊन म्हणतात, "बसा ना वहिनी ऐसपैस." त्या मुलीचं लग्न अर्थातच त्या मुलाशी झालं. दर दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो, आणि भाऊजी चकली मोडत म्हणतात की बघा, किती सुगरण मिळाली त्याला. आता अशा माणसापुढे कपाळ तरी किती वेळा बडवून घ्यायचं?

तर असे हे भाऊजी रोज संध्याकाळी आमच्या कॉलनीतल्या मुलींना खो-खो शिकवतात. कॉलनीच्या मागे मंडळाचं मैदान आहे. एका कडेला मंडळाचं सभागृह, दुसऱ्या कडेला लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी, आणि मध्ये भाऊजींनी स्वतः खड्डे खणून रोवलेले दोन खांब. कारखान्यातली पहिली पाळी करून घरी आले की चहा घशाखाली ओतायचा, पायात बूट चढवायचे की निघाले. मुली त्यांच्याकडे आल्या तेव्हा तिसरीत होत्या. कुणाचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये, कुणाची आई बाजारात भाजी विकायला बसणारी, कुणाची शाळेत शिकवणारी. त्यांच्या शेंबड्या नाकांपासून ते बुटानं घासलेल्या अंगठ्यांपर्यंत सगळं भाऊजींना तोंडपाठ. घरात मीठ संपलंय हे महिना महिना लक्षात न राहणाऱ्या माणसाला कुठल्या मुलीला बटाट्याची भाजी आवडत नाही हे बरोबर ठाऊक असतं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. एखाद्या मुलीनं धावणारीला पकडायला सूर मारावा, धावणारी केव्हाच निसटलेली असावी आणि हिनं तोंडावर आपटून माती खावी, की दुसरा कुठलाही शिक्षक ओरडेल. भाऊजी धावत जातात, तिला उठवतात, कपडे झटकतात आणि म्हणतात, "सुंदर चुकलीस. सूर असा मारलास की बघत राहावं. फक्त तिथे कुणी नव्हतं." मग त्या चुकीतलं काय काय सुंदर होतं हे ते समजावून सांगतात. पाय कसा बरोबर पडला, नजर कशी बरोबर होती, आणि मग शेवटी अगदी जाता जाता, हात थोडा आधी का पसरायला हवा होता. मुलगी मान डोलावते आणि पुन्हा सूर मारायला पळते. मी गच्चीतून हे बघत असते. मला तर कधी कधी वाटतं की तिथे जाऊन आपणही एकदा माती खाऊन यावी, तेवढंच कुणीतरी चांगलं म्हणेल.

खेळ संपला तरी लगेच घरी सुटका नाही. मुलींनी गोल करून बसायचं आणि प्रत्येकीनं दुसरीचं आज काय चांगलं दिसलं ते सांगायचं. स्वतःचं सांगायचं नाही, कालचं सांगायचं नाही, आणि नुसतं "छान खेळली" म्हटलेलं चालत नाही. त्यामुळे मुलींची पंचाईत होते. एकदा एकीला काहीच सुचेना, तेव्हा ती म्हणाली की निधी आज पळताना नेहमीपेक्षा कमी बोलली. भाऊजींनी यावर टाळ्या वाजवल्या. ही निधी म्हणजे एक प्रकरणच आहे. ती पळताना बोलते, बसल्यावर बोलते, आणि पाठलाग करता करता आभाळात विमान दिसलं तर थांबून बघते. पण भाऊजींचा नियम असा की संघात आली ती खेळणार, मग सामना कसलाही असो. आणि ही चांगलं शोधण्याची साथ मैदानापुरती राहिली असती तर बरं. मुली ती घरी घेऊन गेल्या. आमच्या समोरच्या आजींना त्यांच्या नातीनं सगळ्यांदेखत सांगितलं की आजी, आज तू आईला एकदाच टोमणा मारलास. आजी तणतणत आमच्या दारात आल्या. भाऊजींनी त्यांना आत बसवलं आणि म्हणाले की जिना एका दमात चढलात तुम्ही, मानलं. आजी विरघळल्या. आता त्या रोज एकदा चढून येतात आणि चहा मला करावा लागतो.

या सगळ्या गोडगोड कारभाराला वैतागलेला एकच माणूस होता, आणि त्याचं वैतागणं मला मनातून थोडं पटतही होतं. ते म्हणजे स्वरालीचे बाबा. स्वराली ही संघातली सगळ्यात चपळ मुलगी. तिच्या बाबांचं नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस सिन्नरकडच्या खेड्यातून येऊन स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला, मनानं साफ, पण गळ्यात भोंगा. मुलीचा सामना असला की ते दुकान बंद करून येणार, रेषेला चिकटून उभे राहणार, आणि "ऊठ, पळ, मार सूर, धर तिला" असा जो जप सुरू करणार तो शेवटच्या शिट्टीपर्यंत. तिच्यासाठी जीव टाकतात हो, पण त्यांचा आवाज पार रेल्वे स्टेशनवर ऐकू जात असावा. भाऊजींबद्दल ते म्हणायचे, "तुमचे दीर म्हणजे सत्यनारायणाचे भटजी. सगळ्यांना परसाद सारखा. अशानं कप येतो व्हय?" मुली सातवीत असताना जिल्हा स्पर्धेत ऐन मोक्याच्या वेळी भाऊजींनी निधीला आत पाठवलं, निधीनं विमान पाहिलं, आणि आम्ही हरलो. त्या दिवसापासून स्वरालीच्या बाबांनी मंडळात नेट लावला. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेआधी सभागृहात पालकांची बैठक झाली आणि ठरलं की या वर्षी अंतिम फेरी गाठली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मुलींना नवे सर. नवे सर कोण तेही ठरलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला शिकवायचे. त्यांच्या मुली भराभर जिंकायच्या, पण त्यांच्यातली एकही हसताना मी पाहिली नव्हती.

भाऊजी बैठकीहून घरी आले ते ताटावर बसलेच नाहीत. मी विचारलं, पोट बिघडलं का? तर खिडकीशी उभं राहून म्हणाले, "दहावीपर्यंत तरी राहू द्यायला हव्या होत्या माझ्याकडे. पुढे जातीलच कुठे कुठे." मला एकदम भडभडून आलं. ज्या माणसानं स्वतःसाठी आजवर चहात साखर जास्त मागितली नाही, त्यानं ही एक गोष्ट मागितली होती. मग ते वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मला रागवायला शिकवा."

आता या विषयात माझा अधिकार मोठा आहे हे मी नम्रपणे कबूल करते. मी बोलायला लागले की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा दुसऱ्या गल्लीत जातात. भाजीवाल्यानं एकदा मला जून गवार दिली होती, तो अजून माझ्यासाठी शेंग न् शेंग मोडून बघतो. तेव्हा मी शिकवणी पत्करली. सुट्टीच्या सकाळी गच्चीवर मी तूरडाळीला ऊन दाखवत बसायचे आणि भाऊजी समोर उभे. पहिला धडा भुवयांचा. माझं म्हणणं, राग आधी कपाळावर दिसला पाहिजे. भाऊजींनी भुवया आवळल्या तर चेहरा असा झाला की मी विचारलं, डोकं दुखतंय का. दुसरा धडा आवाजाचा. सरावाला म्हणून आमच्या ह्यांना समोर उभं केलं. ह्यांची ओला टॉवेल पलंगावर टाकायची सवय जगजाहीर आहे, विषय तयारच होता. भाऊजींनी कमरेवर हात ठेवले, छाती भरून घेतली आणि गरजले, "दादा, तू टॉवेल पलंगावर टाकलास. ओला टाकलास." मी खूश झाले. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण पसरून टाकलास, त्यामुळे लवकर वाळेल." ह्यांना इतका आनंद झाला की तेव्हापासून टॉवेल रोज पसरून टाकतात. एकदा द्वारका चौकातून येताना रिक्षावाल्यानं त्यांना मुद्दाम लांबून फिरवून आणलं. मी घरून बजावून पाठवलं होतं की आज कुणावर तरी रागवूनच यायचं. आले ते हसत हसत. त्याला म्हणे यांनी सांगितलं की इकडचा रस्ता मी पहिल्यांदाच पाहिला, छान आहे. रिक्षावाला घरापर्यंत सोडून गेला आणि मुलीच्या बारशाचं आमंत्रण देऊन गेला.

शेवटी मी हात टेकले आणि त्यांना तीन वाक्यं पाठ करायला दिली. म्हटलं, मनात राग येवो न येवो, वेळ आली की एवढं धडाधड म्हणून टाकायचं. डोळे कुठे ठेवलेस? कान फुटले का तुझे? घरी काय शिकवतात तुला? ही तीन वाक्यं आमच्या तीन पिढ्यांनी वापरून पारखून घेतलेली आहेत. भाऊजी ती न्हाणीघरात म्हणू लागले, बूट घालताना म्हणू लागले. रामरक्षा म्हणावी तशी एका लयीत. समोरच्या आजींनी विचारलं, नवीन कुठलं स्तोत्र आहे?

जिल्हा स्पर्धा नाशिकमध्येच एका शाळेच्या मैदानावर होती. आमच्या मुली उपांत्य फेरीपर्यंत आल्या. हा सामना जिंकला की अंतिम फेरी, म्हणजे भाऊजींचं सरपद शाबूत. हरला की मुली गेल्या. मी डबा घेऊन गेले होते, पण तो मांडीवर तसाच धरून बसले होते. पहिल्या डावात आमची पाळी पाठलागाची होती. खो-खोत मधल्या पाटीवर बसलेल्या मुलीनं पाठीवर हात पडून खो मिळेपर्यंत जागचं उठायचं नसतं, हे शेंबडं पोरही जाणतं. स्वराली खांबाजवळच्या चौकोनात बसली होती. समोरून धावणारी गेली आणि रेषेवरून तिचे बाबा ओरडले, "ऊठ!" स्वराली उठली. खो कुणी दिलाच नव्हता. पंचांची शिट्टी, चूक, आणि धावणारी सहीसलामत सुटली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. बाबा ओरडले, ती उठली, शिट्टी वाजली. सगळं मैदान कुजबुजायला लागलं. जन्मापासून ज्या आवाजानं अंथरुणातून उठवलं, तो आवाज कानावर पडला की पोरीचे पाय आपोआप उठत होते, दुसरं काय. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? माझ्याही नाही. डाव संपला तेव्हा आम्ही मागे होतो आणि स्वरालीचे बाबा भाऊजींना म्हणत होते, "सर, आतातरी दम भरा पोरीला. नायतर मी भरतो."

भाऊजींनी लांबून माझ्याकडे पाहिलं. मग ते मुलींसमोर जाऊन उभे राहिले. कमरेवर हात, भुवया आवळलेल्या. आणि मी शिकवलेली तिन्ही वाक्यं त्यांनी स्वरालीच्या तोंडावर, न अडखळता, चढत्या आवाजात म्हटली. इतकी चोख, की मलाही याहून चोख जमली नसती. मुली आ वासून बघत राहिल्या. निधी बोलायची थांबली. एका मुलीनं घाईघाईनं ग्लुकोजच्या पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं सरांना ऊन लागलं. स्वराली मात्र रडली नाही. तिला शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय होती, तसं तिनं शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. "घरी बाबा ऊठ म्हणतात, सर. इथे तुम्ही बस म्हणता. मी कुणाचं ऐकू?"

 तिचे बाबा तिथंच होते, त्यांनी ते ऐकलं. भाऊजींचे कमरेवरचे हात गळून पडले. ते तिच्यासमोर मातीत बसले, मांडी घालून, आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं ऐकू नकोस आणि बाबांचंही नको. आपली पोरगी मागून येईल, तुझ्या पाठीवर हात ठेवील. तेवढंच ऐक." मग म्हणाले, "आणि आत्ता मी जे बोललो ते मला बोलायचं नव्हतं." स्वरालीनं मान डोलावली. मी डब्याचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं. इतक्या वर्षांत माझी वाक्यं मला कधी इतकी वाईट वाटली नव्हती.

पुढचा डाव सुरू व्हायच्या आधी स्वरालीचे बाबा मैदानातून चालू लागले. मला वाटलं, रागानं निघाले. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले, तर ते बाहेर चहाच्या टपरीशी मैदानाकडे पाठ करून उभे होते, दोन्ही हात खिशात खुपसून. म्हणाले, "ताई, मी बघितलं तर ओरडीन. मला ऱ्हावणार नाय. तुम्ही बघा आन् मला सांगा." झालं. एक पाय फाटकात, एक पाय रस्त्यावर, अशी मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा सामन्याचं धावतं वर्णन केलं.

शेवटची पाळी आमच्या पाठलागाची होती. बरोबरी करायला दोन गडी हवे होते आणि वेळ सरत चालली होती. अशात भाऊजींनी निधीला आत पाठवलं. मी कपाळावर हात मारला. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, माशी होती. स्वराली खांबाजवळ बसली होती. धावणारी पोरगी मोठी चलाख, मुद्दाम स्वरालीच्या नाकासमोरून झुकांड्या देत फिरत होती. आता सगळं मैदान ओरडायला लागलं, ऊठ, ऊठ म्हणून.

"उठली का?" बाबांनी पाठमोरं विचारलं.

"नाही."

"का नाय उठत?"

"खो नाही मिळाला अजून."

 त्यांची मान ताठ झाली होती. मी बघत होते. स्वरालीनं दोन्ही मुठी मातीत रोवल्या होत्या आणि डोळे मिटून घेतले होते. धावणारी अगदी हाताच्या अंतरावरून गेली. पोरगी हलली नाही.

"आता?"

"बसलीय. अहो, बसलीय अजून."

मग निधी आली. धापा टाकत, लाल झालेली, आणि एक अक्षर न बोलता. तिनं स्वरालीच्या पाठीवर हात ठेवला आणि खो म्हणाली. मग काय झालं ते मला नीट सांगता आलं नाही. मी नुसती ओरडले की उठली, हात पडल्यावर उठली, आणि तोवर स्वरालीनं खांबाला वळसा घालून सूर मारला होता आणि ती पोरगी बाद झाली होती. स्वरालीच्या बाबांनी टपरीच्या खांबाला हात टेकला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चहावाला त्यांना विचारत होता की पाणी देऊ का.

दुसरा गडी मिळाला नाही. वेळ संपली. एका गुणानं आम्ही हरलो. मी हे त्यांना कसं सांगावं याचा विचार करत होते, तर तेच म्हणाले, "हरलो ना? असू द्या. बसली ना पण?" मी म्हटलं, "बसली." आत मैदानात मुली रडत होत्या, ते ठीक आहे, पण त्यांच्या मधोमध भाऊजीही लहान मुलासारखे हुंदके देत होते, आणि स्वराली त्यांना पाणी पाजत होती. हरल्याचं त्यांना काही नव्हतं हो. मुली गेल्या, एवढंच त्यांना दिसत होतं.

दिवाळीनंतर मंडळाची बैठक झाली. मी मनातल्या मनात तलवार परजूनच गेले होते. कुणाला काय ऐकवायचं ते जिना उतरतानाच ठरवलं होतं. पण माझी पाळीच आली नाही. स्वरालीचे बाबा उठले. म्हणाले की अट आपणच घातली होती, आपणच मागे घेतो. पोरी हरल्या त्या माझ्या तोंडापायी, सरांपायी नाय. सर हायेत तिथंच राहतील, आन् सामन्याच्या दिवशी मी दुकान उघडं ठेवीन. एवढं बोलून ते खाली बसले. कुणीतरी दबक्या आवाजात निधीचा विषय काढला, तर त्यांनी नुसतं वळून पाहिलं. विषय तिथेच संपला. भाऊजी उठून काहीतरी बोलणार होते, बहुधा त्यांच्या भाषणाचं कौतुकच, पण मी त्यांना सदरा मागून ओढून खाली बसवलं.

अशा रीतीनं भाऊजींना हवं होतं ते मिळालं. दहावीपर्यंत मुली त्यांच्याकडेच राहिल्या. पुढे त्यांनी एक-दोन कप आणले, काही सामने हरल्या. निधी शेवटपर्यंत खेळली आणि शेवटपर्यंत विमानं बघत राहिली. या मार्चमध्ये त्यांची परीक्षा झाली. स्वराली आता पुण्याला खेळाच्या वसतिगृहात जाणार आहे. निधीच्या वडिलांची हरसूलला बदली झाली, ते बिऱ्हाड हलवताहेत. बाकीच्या कुणी डिप्लोमा, कुणी कॉलेज. जूनमध्ये तिसरी-चौथीच्या नव्या मुली यायच्या आहेत, त्यांची नावंही आली आहेत, आणि सुरुवातीला त्याही चपला उलट्या घालून येतील. परवा संध्याकाळी या मुलींचा शेवटचा दिवस होता. गच्चीतून मी बघत होते. खेळ संपला, गोल बसून झालं, तरी कुणी उठेना. दिवे लागले तेव्हा त्यांच्या आया येऊन एकेकीला घेऊन गेल्या. भाऊजी मग एकटेच मैदानात मागे राहिले. उगाच खांब हलवून बघत होते, पक्का आहे का म्हणून.

घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. मी गरम भाकरी वाढली. त्यांनी ती मोडली, आमटीत बुडवली आणि तशीच ठेवली. ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं. मग भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, पोरी फार लवकर मोठ्या झाल्या. हे काही मला पसंत पडलं नाही."

मी या घरात आल्यापासून भाऊजींच्या तोंडून तक्रार म्हणून ऐकलेली ही पहिलीच. मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.